मुरलेली वायर

भागवतच्या घरी पुण्याहून वायर आली आणि चौथ्या दिवशी कारभारीच्या ओट्यावर एकट्या बाबाजान टेलरशिवाय कुणी उरलं नाही. बाबाजानही उठायच्याच बेतात होता.

"बस की. चहा टाकायला सांगितलाय," कारभारी म्हणाला.

"चहा पिऊनच निगंन. पन मंग जरा भागवतकडं जाऊन यीन म्हन्तो. समदे सांगत्यात, त्या वायरीनं पखवाजावरची शाई बी ऐकू येती."

"शाई? शाई काय बोलती का?"

"ते ऐकल्याबिगर कसं सांगू?" असं म्हणत बाबाजाननं चपला पायात सरकवल्या. चहा यायच्या आत तो गेलासुद्धा. कारभारीच्या बायकोनं, बनुबाईनं, आणलेले दोन्ही कप त्यानं एकट्यानं प्यायले आणि तो रिकाम्या ओट्याकडं बघत बसला.

हा ओटा असा रिकामा कधी नव्हता. कारभारीनं बत्तीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं एक अॅम्प्लिफायर जोडला, जुन्या सागाच्या फळ्यांच्या दोन पेट्या केल्या आणि त्यांत थाळीएवढे स्पीकर बसवले. रोज संध्याकाळी डेअरीला दूध घालून झालं की माणसं रिकाम्या किटल्या पायाशी ठेवून ओट्यावर टेकायची. पावसाच्या, कांद्याच्या, सोयरिकीच्या गप्पा व्हायच्या, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "कारभारी, लावा की." त्या शब्दांसाठी कारभारी दिवसभर वाट बघायचा. लगेच मात्र लावायचा नाही. आधी चष्मा पुसायचा, मग बटणावरची धूळ फुंकायचा, आणि दुसऱ्यांदा कुणी "लावा की" म्हणालं की मग गवळण नाहीतर भारूड सुरू करायचा.

आणि आता ही वायर.

भागवत हा त्याचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. दोघांची घरं म्हणजे मूळ एकाच घराचे दोन भाग. वाटणीत मधे भिंत उभी राहिली होती. भांडण असं कधी झालं नाही. फक्त भागवतला मॅट्रिकला चार मार्क जास्त पडले होते, भागवतच्या बोअरला दीडशे फुटांवर पाणी लागलं तर कारभारीच्या बोअरला दोनशे ऐंशीवर, आणि भागवतच्या डोक्यावर साठी उलटली तरी केस होते. कारभारी यातलं काही विसरला नव्हता. गाण्याचा ओटा तेवढा त्याचा एकट्याचा होता.

तोही गेला, कारण भागवतच्या एकसष्टीला जावयानं भेट पाठवली. भागवतच्या मुलीचा, मोनिकाचा, नवरा ओंकार पुण्यात गाण्याची यंत्रं विकायचा. त्यानं सासऱ्याला दोन उभे स्पीकर, एक चकचकीत अॅम्प्लिफायर, एक पोलादी पेटी आणि भिंतीतल्या प्लगपासून पेटीपर्यंत जाणारी ती वायर दिली. पेटीतून वीज स्वच्छ होऊन निघते, असं जावई म्हणाला, म्हणून गावानं तिला 'वीज गाळायचं यंत्र' असं नाव ठेवलं. तिच्या तोंडावर एक दिवा होता. तो हिरवा असला म्हणजे वीज शुद्ध आणि अर्थिंग झकास. लाल झाला म्हणजे कुठंतरी बिघाड. आणि वायर तर मनगटाएवढी जाड, निळ्या विणलेल्या कापडात गुंडाळलेली, मखमलीच्या डब्यात बसून आलेली. मोनिकाला सासरी पाठवताना भागवतनं जेवढी काळजी घेतली नव्हती तेवढी ती वायर डब्यातून काढताना घेतली.

पाचव्या दिवशी भागवत स्वतः बोलवायला आला. भावकीत नाही म्हणता येत नाही. कारभारी गेला.

"अण्णा, हितं मधल्या खुर्चीत बसा," भागवत म्हणाला. "जावई म्हन्तो, दोन्हीकडचा आवाज हितंच येऊन भेटतो."

कारभारी बसला. गवळण सुरू झाली. आवाज चांगला होता. एवढं कबूल करताना त्याला आतल्या आत फार त्रास झाला, म्हणून त्यानं ते बाहेर काढलंच नाही.

"काय किंमत पडली रं ह्या वायरीला?"

"जावयानं न्हाई सांगितलं. पन मोनिका तिच्या आईजवळ बोलली. तेवढ्यात घोडेगावच्या बाजारात दुसऱ्या वेताची म्हैस येती म्हनं."

"दीड मीटर वायरीला म्हैस?"

"दूध न्हाई देत," भागवत शांतपणे म्हणाला, "पन चारा बी खात न्हाई."

माणसं हसली. कारभारी पुढं सरसावला. आता बोलायचा हक्क वायरमनचा होता.

"अरे, डीपीपास्नं तुझ्या घरापत्तूर वीज येती कशी? वाकड्या खांबांवरनं, चिंचेच्या फांद्यांना घासत. तारंवर कावळे बसत्यात. आन् एवढी सगळी घान घिऊन आलेली वीज शेवटच्या दीड मीटरात सोवळी व्हती व्हय?"

सगळ्यांनी भागवतकडं पाहिलं. भागवतनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अण्णा, मुळा धरनातलं पानी बी गढूळच येतं. म्हनून काय फिल्टर धरनाला लावत्यात का? नळालाच लावत्यात की."

या वेळी माणसं नुसती हसली नाहीत, त्यांनी टाळ्या दिल्या. बत्तीस वर्षांची नोकरी एका फिल्टरनं वाहून नेली. कारभारी घरी आला आणि भाकरीला हात न लावता झोपला.

दुसऱ्या दिवशी तो गोरक्षच्या वर्कशॉपवर गेला. गोरक्ष लोखंडी दारं-खिडक्या करायचा. त्याच्याकडून कारभारीनं वेल्डिंग मशीनची केबल घेतली. जाडीला ती भागवतच्या वायरीला भारी होती, पण दिसायला काळीकुट्ट. म्हणून घोडेगावच्या बाजारातून बैलांच्या शिंगांना बांधायचे लाल-पिवळे गोंडे आणि रंगीत दोर आणून त्यानं ती नखशिखान्त सजवली. मग निरोप धाडून माणसं बोलावली. माणसं आली. वायर बघून कुणी काही बोललं नाही, ही चांगली खूण नव्हती.

गाणं सुरू झालं. पण वायर इतकी जड की प्लग भिंतीतून आपोआप बाहेर यायला लागला. कारभारीनं खाली वीट लावली. वीट सरकली, गाणं बंद पडलं. दोन विटा लावल्या. गवळणीतली राधा यमुनेवर पोचायच्या आत प्लग पुन्हा निसटला.

"कारभारी," गोरक्ष म्हणाला, "येसन घाला तिला. त्याबिगर ठानावर थांबायची न्हाई ती."

तो टोमणा रात्रीपर्यंत सगळ्या गावात फिरला.

सकाळी कारभारी न्हाणीच्या मागं तोंड धूत बसला होता. बनुबाई बादली घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या विटांच्या छोट्या चौकोनात तिनं भडाभडा पाणी ओतलं. गेली तीस वर्षं ती हे रोज करत होती. घर बांधलं तेव्हा कारभारीनंच तिथं अर्थिंगचा खड्डा घेतला होता. खाली तांब्याची पट्टी पुरून वर कोळसा आणि मीठ भरलं होतं. घरात कुठं वीज बाहेर सांडली तर ती या खड्ड्यातून जमिनीत जावी, म्हणून खड्डा ओला ठेवायचा. आणि घर तेव्हा एकच होतं.

कारभारीच्या तोंडातली चूळ तोंडातच राहिली. वाटणीत भिंत उभी राहिली, दारं वेगळी झाली, मीटर वेगळे झाले. पण खड्ड्याची वाटणी करायची कुणाला आठवणच झाली नव्हती. भागवतच्या घराची अर्थिंगची तार भिंतीखालून याच खड्ड्यात येत होती. म्हणजे त्या पोलादी पेटीचा हिरवा दिवा बनुबाईच्या बादलीवर जळत होता!

तार तोडणं हे वायरमनला शोभत नाही. असलं पाप कारभारीनं कधी केलं नसतं. पण पाणी न घालणं म्हणजे काही करणं नव्हेच.

"बनू, उद्यापास्नं तिथं पानी घालू नको."

"का वो?"

"पान्याची टंचाई हाय. लोकांकडं टँकर सुरू झाले."

"आपल्या बोअरला हाय की. तीस वर्सं तुमीच डोकं खाल्लंत, खड्डा सुकला तर माझ्याशी गाठ हाय म्हनून."

"आता मीच न्हाई म्हन्तोय ना?"

"बरं बाई," बनुबाई म्हणाली. तिला एक काम कमी झालं.

दिवस वैशाखाचे. पाचव्या दिवशी खड्ड्यातली माती भेगाळली, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून, ऐन अभंगात, 'घुंऽऽ' असा आवाज सुरू झाला. बाटलीत भुंगा कोंडावा तसा. कारभारीनं भिंतीला कान लावला. इतकं गोड त्यानं बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

पाचच मिनिटांत भागवत धापा टाकत आला. "अण्णा, चला बघू जरा. यंत्राचा दिवा लाल झालाय."

कारभारी टेस्टर घेऊन गेला. त्यानं पेटी मागून बघितली, पुढून बघितली, वायरीला दोन बोटांनी उचलून नाडी बघावी तसं बघितलं.

"जावई फोनवर म्हन्तो, अर्थिंग तपासा," भागवत म्हणाला. "अण्णा, आपलं अर्थिंग कुठं हाय वो?"

खोटं बोलायचं कारभारीच्या जिवावर आलं, म्हणून तो खरंच बोलला. "जमिनीत. अर्थिंग आनि कुठं असनार?"

"मंग?"

"मला इचारशील तर वायर नाजूक पडली. तिला पुन्याच्या विजेची सवय. गावाकडची वीज तिला सोसंना."

भागवतचं तोंड उतरलं. त्यानं पुन्हा जावयाला फोन लावला आणि बराच वेळ "व्हय, व्हय" करून ठेवला. "जावई म्हन्तो, दम धरा. नवी वायर हाय, तिला मुरायला येळ लागतो. दोनशे तास चालवत ऱ्हा म्हनला."

"मुरायला? वायर हाय का लोनचं?"

"तसंच काईतरी असंल," भागवत बिचारा म्हणाला आणि त्या दिवसापासून घुमणारी गाणी दिवसभर चालू ठेवू लागला.

माणसं पुन्हा कारभारीच्या ओट्यावर आली. पहिल्या दिवशी चौघं, दुसऱ्या दिवशी नऊ. "कारभारी, लावा की," गोरक्ष म्हणाला, आणि कारभारीनं तीनदा चष्मा पुसला. एकच अडचण होती. खड्डा सामाईक, त्यामुळं घुं-घुं त्याच्याही घरात शिरली होती. त्यानं आवाज मोठा केला, घुं-घुंही मोठी झाली.

"मधमाशा पाळल्या का वो?" बाबाजाननं विचारलं.

"जुनी ध्वनिमुद्रिका हाय," कारभारी म्हणाला. "त्या काळात साथीला तंबोरा असायचा."

ते खपलं. पण म्हशीच्या बाबतीत काही खपेना.

बनुबाईची म्हैस दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर देणारी. बोअरच्या मोटारीचं पाणी लोखंडी नळातून लोखंडी टाकीत यायचं आणि म्हैस तिथं प्यायची. आता ती टाकीत तोंड घालायची आणि चटका बसल्यासारखी मागं उडी मारायची. तहानेनं हंबरायची, पण टाकीजवळ जाईना. दूध बारावरून सातवर आलं, सातवरून तीनवर. धार काढायला बसलं की लाथ.

"अवो, ऐकलं का," बनुबाई म्हणाली, "नळाला हात लावला की मला बी मुंग्या येत्यात."

कारभारीच्या हातातला घास थांबला. त्याला सगळं क्षणात कळलं. मोटारीतून थोडी वीज सांडत असणार. इतकी वर्षं ती गुपचूप ओल्या खड्ड्यातून जमिनीत जात होती. आता खड्डा सुकला, म्हणून ती नळातून म्हशीला आणि बनुबाईला भेटत होती. आत्ताच्या आत्ता उठून बादली ओतावी, असं त्याला वाटलं. पण बाहेर किटल्यांचा खडखडाट झाला. आज अकरा जण आले होते.

'उद्या सकाळी नक्की,' त्यानं मनाशी ठरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "रबरी चपला घालून जात जा."

"मी घालीन. म्हशीला काय घालू, बूट?"

कारभारी हात धुऊन ओट्यावर गेला. त्या संध्याकाळी अकरा जण असूनही त्याला गाणं गोड लागलं नाही.

सकाळी मात्र तो डेअरीवरून घरी येईपर्यंत बनुबाईचं निदान झालं होतं. "नजर लागलीय. परवा भागवतभावजींची भीमाबाई आल्ती, कासंकडं बघून म्हन्ती, 'बाई गं, केवढी ही कास!' तिच्या घरातलं यंत्र बंद पडलं, आता आपलं दूध दिसतंय तिच्या डोळ्यात."

"तसं काई नसतं," कारभारी घाईनं म्हणाला. चोर कोण ते त्याला माहीत होतं, आणि तो भीमाबाईच्या घरात राहत नव्हता.

"तुमी गप ऱ्हा."

तिनं दोन किलो खडेमीठ आणलं. कारभारी म्हणाला, मूठभर पुरतं. ती म्हणाली, मूठभर माणसाला पुरतं, म्हैस केवढी आहे ते बघा. मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या सुपात घेऊन तिनं म्हशीभोवती सात फेऱ्या मारल्या, भीमाबाईच्या डोळ्यांचं भलंबुरं पुटपुटली, आणि सगळं बादलीभर पाण्यात कालवलं. नजर उतरवलेलं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, अशा जागी टाकायचं असतं. तिनं अंगणात चौफेर नजर फिरवली. न्हाणीच्या मागचा विटांचा चौकोन! तिथं कोंबडीसुद्धा जात नव्हती. मिठाचं अख्खं पाणी तिनं त्या भेगाळलेल्या खड्ड्यात ओतलं, आणि जीव भरेना म्हणून वर आणखी दोन बादल्या ओतल्या.

मातीनं 'चर्रर्र' करून पाणी पिऊन टाकलं. भिंतीपलीकडची घुं-घुं सुरी फिरवल्यासारखी तुटली आणि आतून पखवाज असा काही उमटला की कारभारीलासुद्धा शाईचा भास झाला.

"मुरली!" भिंतीपलीकडून भागवत ओरडला. "अगं भीमे, पळ, दिवा हिरवा झाला! वायर मुरली!"

इकडं म्हैस टाकीपाशी गेली, तिनं भीत भीत ओठ लावले आणि अर्धी टाकी रिकामी केली.

"बघा," बनुबाई म्हणाली. "म्हन्लं व्हतं का न्हाई?"

कारभारीनं पाना-पक्कड काढली आणि दुपारभर बसून मोटारीची सांडणारी वीज बंद केली.

भागवतनं त्याच संध्याकाळी सगळ्या गावाला भेळ आणि चहा सांगितला. बायका दारात, पुरुष सतरंजीवर. कारभारीला पुन्हा मधल्या खुर्चीत बसवलं. गवळण सुरू झाली, आणि कारभारीच्या ओट्यावरचे अकराच्या अकरा जण डोळे मिटून डोलू लागले. जो तो उठून वायरीला नमस्कार करायचा तेवढा बाकी होता. गोरक्ष म्हणाला, वायर मुरते हे त्याला आधीपासून वाटत होतं. बाबाजान म्हणाला, कापडसुद्धा दोन धुण्यांनंतरच अंगाला बसतं.

सगळ्यांचं उत्तर कारभारीच्या ओठांवर होतं. वायर नाही, पेटी नाही, जावई नाही; त्यानं खणलेला खड्डा आणि त्याच्या घरची बादली! पण हे सांगायचं तर पाणी कुणी आणि का बंद केलं होतं तेही निघणार. आणि बनुबाई दारात पहिल्याच रांगेत बसली होती.

भागवतनं गाणं थांबवलं. "अण्णा, बत्तीस वर्सं तुमी वायरमन. आता समद्यांच्या म्होरं तुमीच सांगा. वायर मुरती का न्हाई?"

सगळे कारभारीकडं बघायला लागले. कितीतरी दिवसांनी गाव त्याचं मत ऐकायला थांबलं होतं. तेवढ्यानं त्याचा तोल गेला.

"मुरती तर," तो म्हणाला. "पन रोज सकाळी बादलीभर पानी घालावं लागतं. दोन किलो मीठ टाकलं तर लगीच मुरती."

हशा पिकला. "अण्णांना लोनचं सोडवंना," म्हणत भागवतनं त्याच्या पाठीवर थाप मारली. बायकाही पदराआड हसल्या. भीमाबाईला तर हसता हसता ठसका लागला.

हसली नाही ती एकटी बनुबाई. तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. पाणी बंद केल्याचा दिवस, लाल दिव्याचा दिवस, म्हशीच्या पहिल्या लाथेचा दिवस. मग ती शांतपणे उठली, आणि कारभारीकडं एकदाच बघून घरी गेली.

कारभारीला तोंडातली भेळ एकदम खारट लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या उशाशी बादली आणि चरवी ठेवलेली होती. "बादली खड्ड्याला," बनुबाई म्हणाली. "चरवी म्हशीला. दोन्ही टायमाला. ती बारा लिटरवर यीपत्तूर मी गोठ्यात पाऊल टाकनार न्हाई. आन् भीमाबाईबद्दल मी उगा काय काय बोलले, ते मी तिला सांगीन. का बोलले, ते तुमी सांगायचं का मी, ते तुमी ठरवा."

"अगं पन—"

"रबरी चपला घाला."

कारभारीनं खड्ड्यात पाणी ओतलं, मूठभर मीठही टाकलं, आणि चरवी गुडघ्यांत धरून म्हशीखाली बसला. नवखा हात बघून म्हशीनं दूध चढवलं. त्यानं थोपटलं, कुरवाळलं, आंबोण पुढं सरकवलं, थेंब येईना. शेपटीचा एक फटका मात्र आला.

तेवढ्यात भिंतीपलीकडं भागवतचं यंत्र सुरू झालं. गवळणीचा पहिला सूर उठला, तोही अगदी स्वच्छ, पाण्यासारखा. म्हशीनं कान टवकारले. तिनं एक लांब श्वास सोडला, डोळे अर्धे मिटले आणि पान्हा सोडला. चरवीत धारांचा आवाज घुमू लागला. कारभारीनं दात-ओठ खाल्ले, पण हात चालू ठेवला. अर्धी चरवी भरली असेल नसेल, गवळण संपली. पलीकडं शांत झालं. म्हशीनं लगेच पाय झाडला आणि दूध आवरलं.

कारभारी थांबला. एक मिनिट गेलं. दोन गेली. बनुबाई गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

शेवटी त्यानं मान वर केली, घसा खाकरला आणि भिंतीकडं तोंड करून हाक मारली,

"भागवत... ए भागवत! लाव की!"

पलीकडून उत्तर आलं नाही. भागवत बहुधा चष्मा पुसत होता.